आज काय बघू, आणि ते मिळणार कुठे?

शुक्रवारी संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला माझ्या फोनवर तोच मेसेज येतो, पाठवणारी माणसं फक्त बदलतात. 'आत्या काय बघू?' हा जर्मनीतल्या डुसेलडॉर्फवरून भाचा, तिकडे तेव्हा दुपार असते पण त्याचं वीकेंडचं प्लॅनिंग सुरू झालेलं असतं. 'ताई एखादा मस्त पिक्चर सांगा ना, पोरं आजोळी गेलीत' ही आमच्या मजल्यावरची शेजारीण. ऑफिसमधले एक सिनियर सर तर पूर्ण वाक्यसुद्धा लिहीत नाहीत, नुसतं 'आज?' आणि पुढे प्रश्नचिन्ह. घरात सगळ्यात जास्त पिक्चर बघते म्हणून मी ह्या सगळ्यांची अनऑफिशियल चौकशी खिडकी झालेय आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं, फुकटचा मान कुणाला नको असतो.

पण गेली काही वर्षं हे करता करता एक गोष्ट डोक्यात बसलीये ती आज लिहून टाकते. मराठी सिनेमा कसा वाचवायचा ह्यावर आपल्याकडे केवढी चर्चा होते, प्राईम टाइम, अनुदान, मल्टिप्लेक्सवाल्यांची मुजोरी वगैरे वगैरे. त्यात 'काय बघू'ला मिळणाऱ्या साध्या उत्तराची किंमत कुणी धरतच नाही. मराठी सिनेमाकडे मोठ्या जाहिरातीचे पैसे नसतात, त्याच्याकडे असतं ते एवढंच, की कुणीतरी कुणाला तरी सांगतं, बघ गं, छान आहे. आणि हे सांगणं कामाला यायला त्याला थोडा वेळ लागतो आणि तो पिक्चर कुठेतरी मिळावा लागतो. ह्यातलं काहीच आपण ठेवलेलं नाही असं माझं म्हणणं आहे.

आधी स्वतःच्या चुकीपासून सुरू करते. आमच्या ऑफिसमधल्या एका मॅडमनी एकदा असंच विचारलं, चांगलं काहीतरी सांगा मराठीत. मी म्हटलं श्वास बघा, २००४ चा, नॅशनल अवॉर्ड आहे, श्यामची आईनंतर तब्बल पन्नास वर्षांनी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मराठीला मिळाला तो ह्याच्यामुळे, ऑस्करला आपल्या देशातर्फे गेला होता, बघाच. त्या गप्प बसल्या. दोन दिवसांनी कळलं की त्यांच्या नातवाच्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्याच आठवड्यात होतं. आणि श्वास कशावर आहे, तर गावाकडून नातवाला डोळ्याच्या उपचारासाठी शहरात घेऊन आलेल्या आजोबांवर. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पिक्चर उत्तमच आहे हो, त्यात अरुण नलावडे बघून आजही गळा दाटतो, पण मी त्या मॅडमकडे न बघता फक्त पिक्चरच्या बायोडेटाकडे बघून सांगितलं होतं.

आपण मराठी माणसं बहुतेक वेळा हेच करतो. मराठी पिक्चर सुचवताना एक तर अवॉर्ड सांगतो नाहीतर कर्तव्य सांगतो. 'मराठी माणसानेच मराठी सिनेमा बघितला नाही तर कोण बघणार' हा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल. कारल्याचा रस पाजल्यासारखं, नाक दाबा आणि प्या, तब्येतीला चांगलं असतं. दिवसभर लोकलमध्ये चेंगरून आलेल्या बाईला संध्याकाळी परत एक कर्तव्य करायला कोण सांगतं? ती नाही बघणार, आणि न बघितल्याबद्दल थोडी ओशाळेल, पुढच्या वेळी मराठी म्हटलं की तिला तेच ओशाळलेपण आठवेल. अभिमानाने पहिल्या दिवशी एकदा गर्दी होते, पण दुसऱ्या शनिवारी थिएटरात माणूस येतो तो करमणुकीला, किंवा रडायला, किंवा नवऱ्याबरोबर दोन तास बोलावं लागू नये म्हणून. (शेवटचं कारण आमच्या मावशीचं आहे, माझं नाही.)

कोर्टच्या वेळी पण तीच गंमत. चैतन्य ताम्हाणेचा हा पिक्चर २०१४ साली व्हेनिसला बक्षीस घेऊन आला, मग नॅशनल अवॉर्ड मिळालं, भारताकडून ऑस्करला गेला, आणि मी आईला मोठ्या हौसेने लावून दिला. एका म्हाताऱ्या लोकशाहिरावर केस, आरोप काय तर त्याचं गाणं ऐकून गटारात उतरणाऱ्या कामगाराने जीव दिला. अर्ध्या तासाने आई म्हणाली, अगं ह्यात पुढे काय होतं? मी म्हटलं काही होत नाही, तारीख पडते. आई म्हणाली तारीख मला तुझ्या काकांच्या जमिनीच्या केसमध्ये पुरेशी पडलीये, आणि गेली झोपायला. तिने खरं तर एका वाक्यात त्या पिक्चरचं सार सांगितलं होतं, पण ती संध्याकाळ त्याची नव्हती. मीच रविवारी दुपारी एकटीने फोन बाजूला ठेवून परत बघितला तेव्हा कोर्टातल्या त्या कंटाळ्यानेच अंगावर काटा आला.

लहानपणी आमच्या गल्लीच्या तोंडाला एक व्हिडिओ लायब्ररी होती. त्या काकांना सिनेमातलं फार काही कळत असेल असं नाही, पण कुणाच्या घरी कोण आहे हे त्यांना पक्कं ठाऊक असायचं. कॅसेट हातात घेतली की म्हणायचे, ही नको नेऊ, आजी आहेत ना घरी, ही ने. पाहुणे आलेत का, मग अशी ही बनवाबनवी ने, आणि ती कॅसेट कायम कुणाच्या तरी घरी गेलेली असायची. १९८८ चा तो पिक्चर हृषिकेश मुखर्जींच्या १९६६ च्या बीवी और मकानवरून घेतलेला, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं, आणि कळून काडीचा फरक पडला नाही. आजही दहा जण जमले आणि कुणाचं एकमत होत नसलं की तोच लावायचा, पुढचा डायलॉग सगळ्यांना पाठ असतो आणि तरी आधीच हसायला लागतात.

आता त्या काकांच्या जागी अ‍ॅप आलंय. लोक म्हणतात तुला विचारायचं कशाला, अल्गोरिदम सांगतोच की. सांगतो ना! पण तो किराणा दुकानदारासारखा सांगतो, 'ताई हा बेसनाचा पुडा घ्या, एकदम मस्त', आणि घरी येऊन बघावं तर तारीख संपायला आठ दिवस. त्याच्या फळीवर जे आहे तेच तो सुचवणार, आणि जे त्याला खपवायचंय ते आधी. मी काय बघितलं एवढं त्याला माहितीये, पण आज माझ्या शेजारी सोफ्यावर कोण बसलंय, आज ऑफिसात काय झालं, जेवण झालंय की व्हायचंय, हे कुठे माहितीये. मी एकदा भाचीसाठी कार्टून लावलं तर महिनाभर मला ससे आणि हत्ती दाखवत होता.

म्हणून मी आता उलटं विचारते. काय बघू म्हटलं की आधी, कोण कोण आहे आणि किती वाजता झोपायचंय. दोघंच आहात, लग्नाला दोन-तीन वर्षं झालीयेत, तर २०१० चा मुंबई-पुणे-मुंबई बघा. दोन माणसं आणि एक दिवस, बाकी काही नाही, आणि अर्ध्यावर तुमचंच मुंबई चांगलं की पुणे असं भांडण सुरू होईल, ते पण पॅकेजमध्येच येतं. मित्र जमलेत आणि कुणी मोबाईल खाली ठेवत नाहीये तर परेश मोकाशींचा वाळवी लावा, २०२३ च्या जानेवारीत आला होता. खुनाचा प्लॅन पहिल्या काही मिनिटांतच समजतो आणि मग तो जो काय फिसकटत जातो त्यात मोबाईल आपोआप खाली जातात, ह्याहून जास्त सांगितलं तर पाप लागेल. निवडणुकीचा निकाल लागला, टीव्हीवर सगळे एकमेकांवर ओरडतायत, तर टीव्ही बंद करा आणि १९७९ चा सिंहासन काढा. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या, तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, आणि गंमत म्हणजे निळू फुले त्यात पुढारी नाहीत, सगळ्या पुढाऱ्यांकडे बघत फिरणारा पत्रकार आहेत. चाळीसेक वर्षांत फक्त गाड्या बदलल्यात असं वाटतं. शाळा बदललेलं, जरा हिरमुसलेलं पोर घरात असेल तर किल्ला. वडील गेल्यावर आईची बदली कोकणात झालेली, पाऊस, नवीन मित्र, आणि मित्रांनी एकट्याला सोडून पळून जाणं म्हणजे काय ते ज्याला कळतं त्याला तो पिक्चर कळतो. आणि गुलाबजाम कधीही बघा पण उपाशीपोटी बघू नका, आम्ही बघितला आणि रात्री साडेदहाला वरणभाताचा कुकर लावावा लागला.

असं सांगितलं की लोक बघतात, मी बघितलंय. नुसतं बघत नाहीत तर पुढे सांगतात. २०२३ च्या जूनच्या शेवटी बाईपण भारी देवा आला तेव्हा काय झालं आठवा. टीका करणाऱ्यांना करू द्या, मलाही तो काही ठिकाणी लांबलेला वाटला, पण बायका भिशीच्या ग्रुपने, सोसायटीच्या ग्रुपने, नऊवारी नेसून आणि गॉगल लावून थिएटरात जात होत्या. तिथे कुणी कुणाला मराठी अस्मिता सांगितली नव्हती. एकीने दुसरीला सांगितलं होतं, आपल्या सहा जणींसारख्याच आहेत गं त्या, चल, मी परत येते तुझ्याबरोबर. पोस्टर कितीही मोठं असलं तरी ते 'मी परत येते' असं म्हणू शकत नाही. २०१६ ला सैराटच्या वेळी पण गाण्यांनी लोक आत गेले हे खरं, पण शेवट बघून गप्प होऊन बाहेर आले आणि दुसऱ्याला म्हणाले, काही सांगत नाही, तू बघच.

आता इथे खरा मुद्दा येतो. ह्या दोन्ही पिक्चरच्या पाठीशी मोठ्या कंपन्या होत्या, त्यामुळे ते थिएटरात टिकले आणि टिकले म्हणून सांगोवांगी पसरायला वेळ मिळाला. बाकीच्यांचं काय होतं ते सांगते. मागे एक छोटा मराठी पिक्चर मी शुक्रवारी रात्री बघितला, नाव घेत नाही, सोळा-सतरा लोक होते. फार आवडला. सोमवारी डब्याच्या वेळी ऑफिसात सांगितलं, बुधवारपर्यंत पाच जणी तयार झाल्या, शनिवारचं ठरलं, कुणी सासूबाईंना पोरं सांभाळायला सांगितली, कुणी नवऱ्याला. गुरुवारी रात्री बुकिंग उघडलं तर अख्ख्या ठाण्यात एक शो, सकाळी दहा चाळीसचा, तोही पार दुसऱ्या टोकाला. शनिवारी सकाळी दहा चाळीसला कुठली बाई घराबाहेर पडते हो, तेव्हा डाळ शिजत असते. त्या पाचही जणींचं जाणं राहिलंच, आणि त्या पिक्चरच्या खात्यात काय नोंद झाली, तर लोकांनी पाठ फिरवली.

म्हणजे बघा, सांगणाऱ्याला सांगायला आणि ऐकणाऱ्याला घर लावून बाहेर पडायला आठ दिवस लागतात, आणि पिक्चरला मिळतात जेमतेम तीन-चार. मराठी पिक्चरला थिएटर मिळत नाही ही ओरड काही आजची नाही, १९७१ साली दादा कोंडक्यांच्या सोंगाड्याला दादरच्या कोहिनूरमध्ये जागा मिळेना तेव्हा बाळासाहेब ठाकरे मध्ये पडले होते. २०१५ च्या एप्रिलमध्ये सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी पिक्चर संध्याकाळी ६ ते ९ मध्ये लावायची सक्ती जाहीर केली, गदारोळ झाला, आणि मग ते दुपारी १२ ते रात्री ९ असं पातळ झालं. दुपारी बारा हा प्राईम टाइम कुणाचा, मला तरी माहीत नाही. पण माझं म्हणणं वेगळंय, भांडण चुकीच्या दिवसावर चाललंय. पहिल्या शुक्रवारची संध्याकाळ मागण्यापेक्षा दुसऱ्या शनिवार-रविवारची संध्याकाळ मागा. एक शो, साडेसहा-सातचा, शनिवार आणि रविवार, बस. पहिल्या आठवड्यात कमी शो द्या हवं तर. ज्यांना पिक्चर आवडला त्यांची जीभ तोपर्यंत काम करेल, आणि नाहीच आवडला तर दुसऱ्या सोमवारी खुशाल काढा, कुणी रडणार नाही.

थिएटरवाल्यांची बाजू मला कळते. अकरा माणसांसाठी एसी लावायचा, माणसं ठेवायची, आणि बाजूच्या स्क्रीनवर हाऊसफुल चाललेला हिंदी किंवा साऊथचा पिक्चर एक शो कमी करायचा, हे धंद्यात कुणी का करावं? पण म्हणूनच मी सात दिवस मागत नाहीये, दोन संध्याकाळी मागतेय. आणि बाराही महिने रिकाम्या खुर्च्यांची तक्रार करणाऱ्यांनी कधीतरी हेही बघावं की तिकीट आणि पॉपकॉर्न मिळून चौघांच्या घराला जो खर्च येतो त्यात महिन्याचा किराणा अर्धा भरतो, मग माणूस खात्री करूनच जाणार ना, पहिल्या दिवशी कशाला जुगार खेळेल. लालबागच्या भारतमाता थिएटरला मराठी पिक्चरला लोक वर्षानुवर्षं गेले त्यात अभिमानाचा भाग किती आणि परवडणाऱ्या तिकिटाचा किती, हा हिशोब कुणीतरी मांडायला पाहिजे.

थिएटरात हुकला तर निदान घरी मिळावा? तर तिथेही बोंब. भाच्याला मी वळू सांगितला, २००८ चा, गावातल्या एका मोकाट बैलावर सगळं गाव खापर फोडतं आणि त्याला पकडायला फॉरेस्ट ऑफिसर येतो. भाच्याचे दोन जर्मन मित्र पण बघणार होते, म्हटलं ह्याला भाषा कमीच लागते, बैल सगळ्यांनाच समजतो. तासाभराने त्याचा मेसेज, आत्या तू सांगतेस ते सगळे एक तर इथे उपलब्ध नाही म्हणून दाखवतात नाहीतर कुणीतरी चोरून टाकलेली कॉपी, तीही अर्धवट आणि वर कुठल्या तरी बेटिंगच्या जाहिरातीचं भेंडोळं. शेवटी त्यांनी कोरियन काहीतरी बघितलं. कोरियन पिक्चर डुसेलडॉर्फला एका बोटावर, आणि आपला बैल काही सापडेना.

ह्यावर माझा उपाय लोकांना आवडणार नाही पण लिहिते. राज्य सरकार मराठी पिक्चरना अनुदान देतं, म्हणजे आपल्या सगळ्यांचा पैसा. द्यावंच, माझी हरकत नाही. पण त्याला एक अट जोडा, की प्रदर्शित झाल्यावर पाच वर्षांनी तो पिक्चर लोकांना सबटायटल्ससकट, नीट प्रिंटमध्ये, अगदी स्वस्त दरात का होईना, कुठेतरी बघायला मिळालाच पाहिजे. गोरेगावच्या फिल्मसिटीत सरकारचं सांस्कृतिक महामंडळ आहे, पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, जपण्याचं काम तिथे चालतंच, पण जपलेलं दाखवणार कधी? निर्माते म्हणतील आमचे हक्क आम्ही चॅनलला विकलेत, आमच्या पोटावर पाय. पाच वर्षांत जे विकायचं ते विका की. त्यानंतर एखादं चॅनल तो पिक्चर गपचूप कपाटात ठेवून देतं, ना स्वतः दाखवतं ना दुसऱ्याला देतं, त्यातून निर्मात्याच्या पोटात नक्की काय जातं? आणि अनुदान नको असेल त्याला अट पण नको, सरळ हिशोब आहे.

काही लोक लगेच दूरदर्शनच्या आठवणी काढतात. शनिवारी संध्याकाळी मराठी, रविवारी हिंदी, सगळी चाळ एका टीव्हीसमोर, निवडायची भानगडच नाही. मी त्यात फार रमत नाही. त्यातले अर्धे पिक्चर टुकार असायचे आणि मध्येच 'व्यत्यय'ची पाटी. पण एक होतं, सोमवारी शाळेत सगळ्यांनी तोच बघितलेला असायचा, त्यामुळे बोलायला दोन्ही बाजूंना काहीतरी असायचं. आता मी सांगितलेला माझ्या मैत्रिणीला मिळत नाही आणि तिने सांगितलेला माझ्या अ‍ॅपवर नाही, मग आम्ही पिक्चरबद्दल बोलायचं सोडून कुठल्या अ‍ॅपचे किती पैसे होतात ह्यावर बोलतो.

परवा त्या मॅडम परत भेटल्या, श्वासवाल्या. नातू आता ठणठणीत आहे, चष्मा लागलाय पण क्रिकेट खेळतो. म्हणाल्या, शनिवारी सगळे आमच्याकडे जमणार आहेत, नातू, व्याही, गावाकडचे दीर, असे मिळून तेरा जण आहोत, काहीतरी सांगा, पण ह्या वेळी दवाखाना नको. मी म्हटलं, वळू. त्यांनी विचारलं, कुठे लागतो तो? आज गुरुवार आहे, शोधतेय. कुणाकडे जुनी सीडी असेल तर कळवा, ठाण्यात कुठेही येऊन घेऊन जाईन.